स्वार पायउतार होतो तेव्हा

दारात येणाऱ्या माणसांना आपल्या भाषेने मोठ्या आपलेपणाने नावे दिली आहेत. दूधवाला, पेपरवाला, डबेवाला, बोहारीण, पोस्टमन. पण गेल्या दहा-बारा वर्षांत ज्याच्या पायरवाची आपण सर्वांत अधिक वाट पाहू लागलो, त्याला मात्र मराठीने अद्याप धड नाव दिलेले नाही. कुणी त्याला ‘डिलिव्हरी बॉय’ म्हणतो, मग तो चाळिशीतला आणि दोन मुलांचा बाप का असेना! कुणी ‘पार्सलवाला’ म्हणतो. आणि ज्या कंपनीसाठी तो राबतो, ती त्याला म्हणते ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार. मराठीच्या अध्यापकाला शब्दांची चिकित्सा करण्याची खोड असतेच. पण ह्या शेवटच्या शब्दाची चिकित्सा करायची ती केवळ खोड म्हणून नव्हे. त्या एका शब्दावर कित्येक घरांची चूल अवलंबून आहे.

किती घरांची? नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालाने अशी फुटकळ आणि अ‍ॅपवरची कामे करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असे म्हटले होते. घरपोच माल देणारे हे त्यातले एक मोठे अंग.

शेवटची शंभर पावले

हा माणूस आपल्याला दिसतो तो दुचाकीवर. त्यामुळे त्याला अपघात व्हायचा तो दुचाकीवरच, अशी आपली समजूत. पण जरा नीट पाहा. गाडी लावायला जागा नाही म्हणून तो ती रस्त्यापलीकडे लावतो आणि पाठीवर पिशवी घेऊन वाहनांच्या लोंढ्यातून पायी रस्ता ओलांडतो. सोसायटीच्या आवारात मागे येणारा टेम्पो त्याला दिसत नाही. जिन्यावर दिवा नसतो, फरशी नुकतीच पुसलेली असते. कुठे रहिवाशांची लिफ्ट त्याला वर्ज्य असते, तर कुठे दार उघडताच आधी कुत्रा बाहेर येतो. स्वार पायउतार झाला की त्याचे शिरस्त्राण काही उपयोगाचे राहत नाही.

माझ्या वर्गात द्वितीय वर्षाला बसणारा एक विद्यार्थी संध्याकाळी हेच काम करी. एका रात्री रस्ता ओलांडताना त्याला एका टेम्पोने उडवले. गुडघ्याची वाटी फुटली. टेम्पोच्या मालकाने रुग्णालयात येऊन पंधरा हजार रुपये हातावर ठेवले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. मुलाचे वडील गावाकडचे, सरळ मनाचे. ते मला म्हणाले, “सर, पोरगं गाडीवर असतं तर विमा मिळाला असता. चालत होतं, आता कुणाला काय म्हणायचं?”

ही समजूत त्या एकट्या वडिलांची नाही. सुशिक्षितांतही ती सर्रास आढळते. आणि ती पूर्णपणे उलटी आहे.

धडक कुणाची?

रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक मोटारीचा ‘थर्ड पार्टी’ विमा उतरवणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचे केले आहे. हा तिसरा पक्ष कोण? मालक पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि तिसरा तो, ज्याला धक्का लागतो. पायी चालणारा माणूस हा ह्या तिसऱ्या पक्षाचा सर्वांत निर्भेळ नमुना होय. त्याच्या स्वतःच्या दुचाकीचा विमा, परवाना ह्यांचा प्रश्नच तिथे येत नाही. धडक देणाऱ्या वाहनाचा मालक आणि त्याची विमा कंपनी ह्यांच्याविरुद्ध कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याला भरपाई मागता येते.

वाहन वेगात असले पाहिजे असेही नाही. १९८७ साली सातारा जिल्ह्यात महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि जवळ गेलेली माणसे होरपळून मेली. टँकर तर निपचित पडला होता. मग हा ‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा, असा वाद निघाला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तोही वापरच.

दावा कुठे लावायचा? अपघात झाला तिथे, प्रतिवादी राहतो तिथे, किंवा जखमी माणूस स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथे. म्हणजे पुण्यात पाय मोडून परभणीला परतलेल्या मुलाला परभणीतच दाद मागता येते. मुदत मात्र ध्यानात ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्यावर न्यायालयात वाद झालेले आहेत. पण शहाण्याने सहा महिने धरूनच चालावे.

वाहनचालकाचा दोष सिद्ध करण्याची कटकट नको असेल, तर कलम १६४ खाली ठरावीक रक्कम मागता येते : मृत्यूबद्दल ५ लाख, गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख. वाहन पळून गेले आणि नंबरही मिळाला नाही, तरी हात हलवत परतण्याचे कारण नाही. अशा अपघातात सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार मिळतात. आणि मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार रस्ता-अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे.

भरपाई मोजताना एक गोष्ट वकिलाकडून अवश्य मांडवून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात म्हटले आहे की डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हाच न्याय गुडघ्याला लावा. माझ्यासारख्या खुर्चीत बसून शिकवणाऱ्याचा गुडघा निराळा आणि दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढणाऱ्याचा गुडघा निराळा.

मालक कोण?

आता त्या ‘भागीदार’ शब्दाकडे वळू. कुरियर कंपनीचा पगारी नोकर कामावर असताना जखमी झाला, तर दोष कुणाचा हे न पाहता मालकाने भरपाई द्यावी, असे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना, तर मृत्यूला ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून रक्कम काढतात. नोकर राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर लाभ त्या योजनेतून मिळतो. वाहनानेच धडक दिली असेल तर मालकाकडून भरपाई किंवा मोटार दावा, ह्यांपैकी एकच वाट धरावी लागते; दोन्हींकडे हात पसरता येत नाही.

‘कामावर असताना’ ह्या दोन शब्दांवर न्यायालयांनी पुष्कळ खल केला आहे. आपल्या मुंबईचाच दाखला घ्या. १९५७ साली बेस्टचा एक बस ड्रायव्हर पाळी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला आणि त्या बसच्या अपघातात दगावला. काम तर संपले होते! पण १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विधवेच्या बाजूने कौल दिला. कामाची हद्द डेपोच्या फाटकाशी तुटत नाही, असा त्याचा मथितार्थ. मग गाडी लावून जिना चढणारा नोकर कामाच्या हद्दीत आहे, हे वेगळे सांगायला हवे काय?

परंतु अ‍ॅपवाला ‘भागीदार’ ह्या छत्राखाली सहजी येत नाही. संहितेने अशा कामगाराची व्याख्या केली ती परंपरागत मालक-नोकर नात्याबाहेरचा म्हणूनच. त्याच्यासाठी निराळी सोय योजली आहे : कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नव्हे, इतका वाटा द्यायचा आणि त्यातून अपघात विम्यासारख्या योजना चालवायच्या. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदेही केले. तरतूद चांगली आहे. पण तिचा लाभ नोंदणीवाचून मिळत नाही. म्हणून ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवणे हे प्रत्येकाचे पहिले काम. शिवाय पुष्कळ कंपन्या आपल्या भागीदारांचा गट अपघात विमा उतरवतात. ‘त्या वेळी ऑर्डर चालू होती काय?’ हा त्यातला नेहमीचा प्रश्न. सबब अ‍ॅपवरील त्या घटकेच्या नोंदीचे चित्र ताबडतोब जपून ठेवावे. आणि वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून घेण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

कुत्रा आणि जिना

जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादेत ग्राहकाच्या कुत्र्याला भिऊन पळताना एक तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि प्राणाला मुकला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. नुकसानभरपाई मात्र दिवाणी दाव्याने मागावी लागते. मोडक्या कठड्याचे, उघड्या खड्ड्याचेही तेच. ही वाट लांबची आहे. म्हणून फोटो, साक्षीदार आणि दवाखान्याचे कागद ह्यांचे मोल इथे अधिक.

कागदांचे सांगायचे तर क्रम सोपा आहे. आधी उपचार, आणि डॉक्टरला अपघात कसा झाला ते नीट लिहायला सांगणे. मग पोलिसांत फिर्याद, वाहनाचा नंबर, आजूबाजूच्या कॅमेऱ्यांतील चित्रण. आणि रुग्णालयाच्या खाटेवर कुठल्याही कागदावर सही न करणे. वकिलाला पैसे नाहीत ही अडचणही अगदी अटळ नाही. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेली विधी सेवा प्राधिकरणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक ह्यांना मोफत वकील देतात. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१००.

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्याच दारावर थाप मारली. तसा सहीचा कागद झाला म्हणून न्यायाधिकरणाची दारे आपोआप बंद होत नाहीत. सहावा महिना संपायच्या आत दावा दाखल झाला; तो अजून चालू आहे. मुलगा काठी टेकत परीक्षेला बसला.

राहिला आपला प्रश्न. ह्या दिवाळीतही आपल्या दारात मिठाईचे, कपड्यांचे, फटाक्यांचे खोके येतील. ते आणणाऱ्याला लिफ्ट वापरू द्यावी, जिन्यातला दिवा लावून ठेवावा, बेल वाजताच कुत्र्याला आत बांधावे. ह्याला कायदा लागत नाही. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर त्याला उचलून रुग्णालयात न्यायला मात्र कायद्याचे पाठबळ आहे : मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने अशा मदतगाराला संरक्षण दिले आहे, त्याला नावगाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. आणि त्या जखमी माणसाच्या कानात एवढे अवश्य घालावे, “बाबा रे, तू चालत होतास म्हणून तुझा हक्क गेला नाही. सही करू नकोस, आणि सहा महिने उलटू देऊ नकोस.”