वादातील तिसरा पक्ष

सनातनी आणि सुधारक यांचा झगडा महाराष्ट्राला नवा नाही. गिरगावात सावत्र वडिलांच्या घरी राहणाऱ्या रखमाबाईंनी नांदावयास यावे, म्हणून त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात फिर्याद गुदरली, तेव्हा तो भरास आला. विवाहसमयी रखमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी मात्र ‘नांदा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा’ असे फर्माविले.

बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. ‘केसरी’ने विरोध केला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हेच दोन पक्ष पुन्हा समोरासमोर आले. न्या. तेलंगांनी कायद्याची बाजू घेतली. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारच्या हस्तक्षेपास होता. मुलींचा विवाह सोळा वर्षांपूर्वी करू नये, असे स्वेच्छेचे बंधन त्यांनी स्वतःच सुचविले होते. हा आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही. परंतु समाज आपण होऊन सुधारेपर्यंत थांबावयाचे कोणी? ते थांबणे वाट्याला येत होते अजाण मुलींच्या. कायद्याने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, एवढेच.

त्या मुलींच्या वतीने बोलणारे पुष्कळ होते. रखमाबाईंनी मात्र १८८५ मध्येच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने पत्रे लिहून स्वतःची व्यथा मांडली होती. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली. आजही कोणत्याही वादात पक्ष निवडण्यापूर्वी, ज्याच्या आयुष्याचा निकाल लागावयाचा आहे त्याचे पत्र आपण वाचले आहे काय, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.