संकुलाचंही वय वाढतं

पाषाण, बावधन, बाणेर, हडपसर. पुण्याच्या या भागांत गेल्या वीसेक वर्षांत एका वेगळ्या जातीच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. बाहेरून त्या चारचौघींसारख्याच दिसतात. फरक आत शिरल्यावर कळतो. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असतो आणि नोटीस बोर्डावर मोतीबिंदू तपासणीच्या शिबिराशेजारी भावगीतांच्या मैफलीची सूचना असते. मुलांच्या सायकली कुठेच दिसत नाहीत. साठीच्या आतली जी माणसं दिसतात, ती सगळी पगारी.

परांजपे स्कीम्स या बिल्डरच्या 'अथश्री'मुळे ज्येष्ठांसाठीच्या संकुलांची ही कल्पना पुण्यात रुजली. नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे, लवासात आशियानाचं 'उत्सव' आहे. वृद्धाश्रम आपल्याकडे जुने आहेत. पुण्यातला 'निवारा' एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला; 'मातोश्री वृद्धाश्रमां'ची सरकारी योजना १९९५ सालची. तिथे जाणारा बहुधा नाइलाजानं जातो. संकुलात जाणारा मात्र स्वतःचा फ्लॅट विकून, करारपत्र रजिस्टर करून, वास्तुशांत घालून जातो. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तल्या नाना-नानींना हा पर्यायच नव्हता. आज तो आहे, आणि २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ९.९ टक्के माणसं साठीपुढची होती हे पाहता बिल्डरांना तो सुचला नसता तरच नवल. देशाचं सरासरी प्रमाण तेव्हा ८.६ होतं.

ही कल्पना अमेरिकेतून आलेली आहे. १ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकानं 'सन सिटी' ही निवृत्तांची वसाहत लोकांसाठी खुली केली. नमुन्याची पाच घरं, एक गोल्फचं मैदान, दुकानं आणि मनोरंजन केंद्र एवढंच तिथे होतं. सुरुवातीच्या शनिवार-रविवारीच लाखभर माणसं ती पाहायला लोटली. वेबनं विकलं ते 'आरामाचं आयुष्य'. दवाखाना आणि शुश्रूषा ही जाहिरातीची बाजू नव्हतीच. आजही आपल्याकडच्या माहितीपुस्तिकांत हीच रीत आहे. पासष्टीचं, केस नुकते पिकू लागलेलं, टेनिसची रॅकेट धरलेलं हसतमुख जोडपं. पंच्याऐंशीचं माणूस त्या चित्रात कधीच नसतं. गोम नेमकी इथेच आहे, पण तिच्याकडे येण्याआधी जमेची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती लहान नाही.

इथला मोठा फायदा कोणता, असं रहिवाशांना विचारलं की आपल्याला डॉक्टर किंवा जेवण हे उत्तर अपेक्षित असतं. मला बहुतेकांकडून मिळालेलं उत्तर होतं प्लंबर. फ्लश गळतोय, गीझर चालत नाही, ट्यूब उडाली. स्वतंत्र फ्लॅटमध्ये सत्तरीच्या माणसाला ही कामं उरकायला आठवडा जातो आणि वर 'काका, उद्या नक्की येतो' हे चारदा ऐकावं लागतं. इथे ऑफिसातल्या वहीत लिहिलं की संध्याकाळपर्यंत माणूस येतो. हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत, नोव्हेंबरात, काही ठिकाणी बँकेचा कर्मचारीच संकुलात येऊन बसतो. अशी किरकोळ कामं अंगावरून उतरली की माणूस किती हलका होतो, ते आपल्याला चाळिशीत कळत नाही.

दुसरा फायदा मी जवळून पाहिला. माझ्या मामा-मामींनी डोंबिवलीचा तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट विकून पुण्याच्या एका संकुलात घर घेतलं. नातेवाइकांत कुजबुज झालीच, 'मुलानं टाकलं वाटतं.' मुलाला तर हा बेत पसंतच नव्हता. मामा तिथे काही वर्षं आनंदात राहिले आणि गेले. मामींच्या मैत्रिणींपैकी ज्या आपापल्या जुन्या घरात विधवा झाल्या, त्यांचं बाहेर पडणं त्यानंतर थांबलं; जोडीनं जायच्या जागी एकटीनं जायचं कसं, हा प्रश्न. मामींचं तसं झालं नाही. मेसमधलं त्यांचं टेबल ठरलेलं होतं. चार बायकांपैकी तिघींचे यजमान आधीच गेलेले. तेराव्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्यातली एक दारात येऊन 'सात वाजले, चला' एवढंच म्हणाली. बायको नवऱ्याहून वयानं लहान आणि आयुष्यानं जास्त, ही आपल्याकडची सर्वसाधारण गोष्ट आहे. तेव्हा घर निवडताना शेवटी एकटी राहणाऱ्या बाईचा विचार आधी करावा, असं मला वाटतं. करारावर सही करणारा मात्र बहुधा नवरा असतो, आणि तो क्लबहाउसमधलं ब्रिजचं टेबल पाहून भाळतो.

आता बाथरूम. २०२४ मध्ये महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, शक्यतो सरकती. जिना दीड मीटर रुंद आणि एका दमात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. न घसरणारी फरशी, पकडायला दांडे, संकटकाळची घंटा. आणि हे सगळं विक्रीकरारात लिहिलेलं असावं. नियम उत्तम आहेत. नेहमीच्या फ्लॅटमधल्या बाथरूमचं दार जेमतेम अडीच फुटांचं असतं आणि चाकाची खुर्ची त्यातून हाताची बोटं सोलून घेतच जाते, हे ज्यानं कुणाला आत नेलंय त्याला विचारा. पण नियम कागदावर असतो आणि घंटेची दोरी भिंतीवर. मी पाहिलेल्या एका संकुलात ती लाल दोरी जमिनीपासून चार बोटांवर संपत होती, म्हणजे पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी. कुणीतरी विचार करून बसवलेली. प्रत्यक्षात फरशी पुसताना मध्ये येते म्हणून सफाईवाल्या बाईंनी ती गुंडाळून दांड्याला गाठ मारून ठेवली होती. चार घरं पाहिली, तीन घरांत गाठ. चौथ्या घरातल्या आजोबांनी दोरीवर पंचा वाळत घातला होता. ती दोरी ओढली तर रात्री अडीच वाजता कोण येतो, किती मिनिटांत येतो आणि त्याला माणूस उचलायचं शिकवलेलं आहे का, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं.

आता ती गोम. संकुल नवं असतं तेव्हा रहिवासी साधारण एकाच वयाचे येतात, पासष्ट ते बहात्तर. सगळे हिंडते-फिरते. कुणी गणपतीची आरास करतो, कुणी वाचनालय लावतं, सहलीची बस भरते. पंधरा वर्षांनी तीच माणसं, तेच मजले, पण सगळे एकदम ऐंशीच्या पुढे गेलेले. साध्या सोसायटीत म्हातारे, तरुण, पोरंबाळं यांची सरमिसळ असते. कुणाची कंबर धरली तर खालच्या मजल्यावरचा मुलगा धावतो. इथे शेजारी धावू शकत नाही, कारण त्याचाही गुडघा बदललेला. कमिटीवर उभं राहायला माणूस मिळत नाही. सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदली गेली आणि बिल्डरनं अंग काढून घेतलं की मेसचा कंत्राटदार, रुग्णवाहिकेचा करार, नर्सचा पगार हे सगळं याच माणसांच्या गळ्यात येतं. सेक्रेटरी अठ्ठ्याहत्तरचे आणि खजिनदारांना हिशेबाचा कागद भिंगातून वाचावा लागतो, अशी कमिटी मी पाहिली आहे. त्यांचा हिशेब चोख होता, पण पुढच्या निवडणुकीला दोघंही उभे राहणार नव्हते.

त्यात बहुसंख्य प्रकल्प हे 'स्वतःची कामं स्वतः करू शकणाऱ्यां'साठी आहेत. करारात तसं कलम असतं, बारीक अक्षरात. अमेरिकेत एकाच आवारात स्वतंत्र घर, मदतीनं राहण्याचा विभाग, शुश्रूषागृह आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा विभाग अशी चढती रचना असलेल्या वसाहती आहेत. माणूस थकत जातो तसा एका दालनातून दुसऱ्यात जातो. आपल्याकडे ही सोय थोड्याच ठिकाणी आहे. बाकीच्या ठिकाणी वेळ आली की शुश्रूषेची माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करायचा आणि बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवायची. पुरुषाला उचलायचं असेल तर 'मामा', म्हणजे पुरुष मदतनीस, बोलवायचा. म्हणजे ज्या अडचणीच्या भीतीनं माणूस संकुलात आला, तिला तोंड देण्याची पद्धत शेवटी सदाशिव पेठेत होती तीच. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री जिन्यात भटकू लागला की शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि 'त्यांना दुसरीकडे हलवा' हा निरोप परदेशातल्या मुलीला ईमेलनं जातो.

पैशाचं गणितही याच वयाशी येऊन भिडतं. समजा, सेवाशुल्क आणि दोघांचं जेवण मिळून महिन्याला २५,००० रुपये लागतात आणि दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढतात. अशा दरानं रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. अडुसष्टाव्या वर्षी २५,००० भरणारा शहाऐंशीव्या वर्षी एक लाख भरत असेल, ब्युरोच्या बाईचे पैसे वेगळे. आता मिळकतीची बाजू पाहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात; ८.२ टक्के दरानं महिन्याला सरासरी २०,५०० रुपये व्याज पडतं आणि पाच वर्षं ते तेवढंच राहतं. सरकारी पेन्शनीला महागाई भत्ता तरी आहे. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याला तोही नाही. सोसायटीचा देखभाल खर्च माणशी महिना साडेसात हजारांवर गेला की १८ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो, हे अनेकांना पहिलं बिल हातात पडल्यावरच कळतं.

घर विकत घ्यायचं की अनामत भरून फक्त राहण्याचा हक्क घ्यायचा, हा पुढचा पेच. मालकीत फ्लॅट वारसांकडे जातो, पण तिथे राहण्याला वयाची अट असते. पन्नाशीचा मुलगा तिथे राहू शकत नाही आणि विकायचं तर गिऱ्हाईकही साठीचंच शोधावं लागतं. अनामतीच्या पद्धतीत बाहेर पडणं सोपं, पण जुनं घर विकून आलेल्या नफ्यावर 'नवं घर घेतलं' म्हणून मिळणारी करसवलत हातची जाते, कारण अनामत म्हणजे खरेदी नव्हे. माझं मत विचाराल तर जोडप्यातलं कुणी आधीच आजारी असेल तर मालकीच्या फंदात पडू नये. पैसा विटांत अडकला की जागा बदलायची हिंमत होत नाही. २००७ साली आलेली रिव्हर्स मॉर्गेजची योजना अशा वेळी कामी येईल असं वाटलं होतं, पण ती आपल्याकडे काही रुजली नाही.

जागेचा विचार वेगळा करावा लागतो. डोंगर, धबधबा, स्वच्छ हवा यांवर पासष्टीचं माणूस भुलतं. लवासाच्या मूळ विकासकाची कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एखाद्या संकुलाचं बांधकाम व्यवस्थित पुरं झालं तरी भोवतालचं शहर वसलंच नाही तर भाजीवाला, औषधांचं दुकान आणि भेटायला येणारे पाहुणे कुठून यायचे? शहराच्या पोटातलं कंटाळवाणं संकुल घाटातल्या देखण्या संकुलापेक्षा बरं, कारण तिथे भाचा ऑफिसातून घरी जाताना दहा मिनिटं डोकावू शकतो.

आणखी एक तोटा आकड्यांत मांडता येत नाही. सन सिटीतल्या रहिवाशांनी साठ-सत्तरच्या दशकांत शाळांसाठीच्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानात पुन्हापुन्हा पाडले. शेवटी त्या वसाहतीला शाळांच्या जिल्ह्यातून वगळावं लागलं. आमची मुलं शिकून मोठी झाली, आता आम्ही पैसे का द्यायचे, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे अजून इतकं झालेलं नाही. पण सुट्टीत आलेली नातवंडं बागेत ओरडतात म्हणून आलेल्या लेखी तक्रारी मी वाचल्या आहेत. एकाच वयाची माणसं एकत्र राहिली की गप्पा रक्तातल्या साखरेवरून सुरू होतात आणि तिथेच संपतात. एकाच जातीची, एकाच पेठेतून आलेली, एकाच बँकेतून निवृत्त झालेली असली तर विचारूच नका. मेस बहुधा शाकाहारी. रत्नागिरीहून आलेल्या एका काकांनी मला हळूच सांगितलं की महिन्यातून दोनदा ते 'दाताच्या डॉक्टरकडे' म्हणून कोथरूडला जातात आणि बांगडा खाऊन येतात.

तरीही विचारणाऱ्याला मी जा म्हणूनच सांगतो, मात्र सत्तरीच्या आत, दोघंही धडधाकट असताना. ओळखी व्हायला पाच वर्षं लागतात आणि त्या ओळखींच्या जोरावरच पुढचं निभतं. संकुल मात्र अगदी नवं निवडू नये. दहा-बारा वर्षं जुनं पाहावं, जिथे पहिली पिढी थकलेली आहे आणि व्यवस्थापनाचा कस लागून गेला आहे. तिथल्या सर्वांत वयस्कर रहिवाशाला भेटायला मागावं. टाळाटाळ झाली तर समजून जावं. बंद फ्लॅट किती आहेत ते मोजावं, कारण वारसांनी कुलूप लावून ठेवलेल्या घरांतून मेसला गिऱ्हाईक मिळत नाही आणि कंत्राटदार पळतो. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांची खोली भाड्यानं मिळते. ती जुलैत घ्यावी, पाऊस लागलेला असताना, आठवडाभर. रविवारची रात्र त्यात धरावी. मेसला सुट्टी असते तेव्हा ऐंशीची माणसं काय जेवतात, ते तेव्हाच दिसतं.