जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय शाळा

पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाची आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची कार्यालये सुरू झाली आणि नाना देशांचे अधिकारी आपल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले. त्यांच्या मुलांनी शिकावयाचे कोठे? गावातील शाळांचे माध्यम फ्रेंच. शिवाय काही वर्षांनी मायदेशी परतणाऱ्या मुलाला स्विस अभ्यासक्रमाचा कितपत उपयोग होणार? तेव्हा काही अधिकाऱ्यांनी आदोल्फ फेरिएर या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या साहाय्याने 1924 साली स्वतःच शाळा काढली. प्रारंभी विद्यार्थी होते अवघे आठ. पत्नीच्या औषधोपचारासाठी जवाहरलाल नेहरू 1926 मध्ये जिनिव्हास गेले, तेव्हा त्यांची आठ वर्षांची कन्या इंदिरा हीदेखील याच शाळेत जात असे.

फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून येथे अध्यापन चाले. 1929 ते 1949 या काळात संचालिका असलेल्या मारी-तेरेझ मोरेत यांचा भर भूगोलावर होता. आपल्या देशाच्या आधी मुलाने सबंध पृथ्वी ओळखावी, आणि इतिहासही एका राष्ट्राचा न शिकता जगाचा शिकावा, असे त्यांचे मत होते. शांततेसाठी शिक्षण देण्याच्या पद्धतींविषयी त्यांनी 1948 मध्ये युनेस्कोसाठी एक निबंधही लिहिला.

परंतु वरच्या वर्गांत या ध्येयाची गाठ परीक्षेशी पडे. फ्रेंच मुलाला बाकालोरेआ हवी, स्विस मुलाला मात्युरिते, इंग्रज मुलाला जी. सी. ई., तर अमेरिकन मुलाला तेथील महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा. लहानपणापासून एका बाकावर बसलेली मुले, शाळा सोडण्याची वेळ जवळ येताच पुन्हा आपापल्या राष्ट्राच्या गटांत वाटली जात. ज्या भिंती पाडण्यासाठी शाळा निघाली, त्याच तिला आपल्या हाताने उभाराव्या लागत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. यात दोष शिक्षकांचा नव्हता. परक्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची विद्यापीठांची तयारी नव्हती.

यावरचा उपाय शिक्षकांकडूनच आला. इतिहासाचे अध्यापक रॉबर्ट लीच यांनी पुढाकार घेऊन 1962 साली निरनिराळ्या आंतरराष्ट्रीय शाळांतील समाजशास्त्रांच्या शिक्षकांची परिषद जिनिव्हास भरविली. सर्वांसाठी एकच परीक्षा असावी, या विचाराने तेथे जोर धरला, आणि 1968 साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्था स्थापन झाली. विद्यापीठांची मान्यता मिळविणे हे तिचे पहिले आणि चिकाटीचे काम होते. या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला दुसरी भाषा घ्यावी लागे. मात्र तिच्याबरोबर पहिल्या भाषेतील साहित्याचा अभ्यासही आवश्यक ठरविण्यात आला.