हवेतले धोके : लेखांक ६
क्षितिज दिसेनासं होतं तेव्हा

१६ जुलै १९९९, शुक्रवार. रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी न्यू जर्सीतल्या एका छोट्या विमानतळावरून एका इंजिनाचं पायपर साराटोगा विमान उडालं. चालवत होते अमेरिकेच्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, जॉन एफ. केनेडी धाकटे. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेव्हणी. मेव्हणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उतरवून दोघांना पुढे नात्यातल्या लग्नाला जायचं होतं.

जेमतेम तासाभरानं ते विमान समुद्रात कोसळलं. तिघेही गेले.

अवशेष तपासले, तर यंत्रात कसलाही बिघाड सापडला नाही. वादळ नव्हतं. चंद्राची बारीक कोर होती, हवेत धुरकट दमटपणा होता आणि खाली काळं पाणी. त्याच सुमारास तिथून गेलेल्या एका वैमानिकाला तर बेटावरची वीज गेली असावी असं वाटलं, इतकं काही दिसत नव्हतं. रडारच्या नोंदींनुसार केनेडींचं विमान आधी हळूहळू उतरत होतं, मधेच वळलं, पुन्हा थोडं चढलं आणि शेवटी उजवीकडे गिरकी घेत मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगानं खाली गेलं. दिशाभ्रमामुळे वैमानिकाचा ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

हा भ्रम कानात जन्मतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. पण विमान अगदी सावकाश कललं तर त्या नलिकांना पत्ताच लागत नाही. वळण बराच वेळ एकसारखं चालू राहिलं, तर द्रवही त्याच गतीनं फिरू लागतो आणि आपण सरळच चाललोय असं वाटतं. मग विमान खरोखर सरळ केलं, की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. फुगडी थांबल्यावर घर फिरताना दिसतं, त्यातलाच हा प्रकार. दिवसा क्षितिजाची रेघ ही चूक तत्क्षणी दुरुस्त करते. अंधारात समुद्रावर ती रेघच नसते.

मग उरतं ते डोळ्यांसमोरचं उपकरण, कृत्रिम क्षितिज. शरीर ओरडून वेगळं सांगत असताना त्याच्यावर विश्वास ठेवणं कमालीचं अवघड असतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवरून उडण्याची सवय नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत.

मुंबईकरांना याची जुनी जखम आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ वांद्र्याजवळ समुद्रात पडलं, २१३ जण मृत्युमुखी पडले. कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. विमान उजवीकडे कललंय असं समजून त्यांनी ते डावीकडे वळवलं, वळवतच राहिले. त्या जंबोमध्ये निदान दुसरी उपकरणं होती, शेजारी सहकारी होते. चार-सहा आसनी विमानातल्या हौशी वैमानिकाला चूक दाखवून देणारं कुणीच नसतं.

केनेडींच्या नावावर सुमारे ३१० तासांचं उड्डाण होतं. पण या विमानात रात्री, प्रशिक्षकाशिवाय, जेमतेम पाऊण तास. उपकरणांवरून उडण्याचं प्रशिक्षण अर्ध्यावर होतं. त्या दिवशी एका प्रशिक्षकानं सोबत येण्याची तयारी दाखवली होती. त्यांना एकट्यानं जायचं होतं.

भारतात नुसत्या नजरेच्या भरवशावरची उड्डाणं सूर्यास्तानंतर सहसा होऊ दिली जात नाहीत. विमानतळाभोवतीच्या आणि प्रशिक्षणाच्या उड्डाणांना तेवढी मुभा मिळते. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी रात्रीचं ३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. हे फार अपुरं आहे. तिकडे शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी परवाना हाती आला म्हणून रात्री पाण्यावरून एकट्यानं निघू नये. आधी उपकरणांवरून उडण्याचं प्रशिक्षण पुरं करावं.