माहेरचा झेंडा, सासरची जर्सी

१९५९ साली ‘तूर द फ्रान्स’ या सायकल-शर्यतीत देशोदेशींचे संघ उतरत. फ्रान्सच्या आंकतीलने आपल्याच देशबांधवाला, आंग्लादला, डावलून स्पेनच्या बाहामोंतेसला जिंकू दिले, असा लोकांचा ग्रह झाला. पॅरिसमध्ये आंकतीलची हुर्यो उडाली!

१९६२ पासून, मधली दोन वर्षे वगळता, तिथे कंपन्यांचेच संघ धावतात. संघबदल १ ऑगस्टपूर्वी जाहीर करता येत नाही; म्हणून जुलैच्या शर्यतीत अफवांनाही चाके फुटतात. बेल्जियमचा एव्हेनेपूल मायदेशातला संघ सोडून जर्मन संघात जाणार, ही वर्षानुवर्षांची कुजबूज २०२५ च्या ऑगस्टात खरी ठरली.

जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत मात्र तो बेल्जियमचाच! वर्षभराचे सोबती त्या दिवशी प्रतिस्पर्धी होतात. लेक सासरी नांदली, तरी माहेर का तुटते?