पडद्यावरचा गड चढताना चक्कर का येते?

रोह्याजवळच्या धाटावची ओळख म्हणजे रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. पण शेजारून वाहणारी कुंडलिका, भाताची खाचरं आणि दाट रानातला अवचितगड एवढं सगळं जवळ असताना एका साहसी व्हिडिओ गेमला आणखी काय हवं? समजा, इथल्या एखाद्या विद्यार्थिनीने ठरवलं की गड चढणाऱ्या नायिकेचा त्रिमितीय गेम करायचा. तिला ते जमू शकतं. त्यासाठी लागणारी साधनं आज फुकट मिळतात. ती कशी चालतात आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांशी, कानाशी त्यांचा काय संबंध आहे, ते पाहू.

सेकंदाला साठ चित्रं

असा गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडवतात त्याला ‘गेम इंजिन’ म्हणतात. युनिटी, अनरिअल आणि गोडो ही त्यातली प्रसिद्ध नावं. प्रकाश कुठून पडतो, वस्तू खाली कशी पडते, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की काय होतं, हे गणित इंजिनात तयार असतं. गेम करणाऱ्याने जग रचायचं आणि त्याचे नियम ठरवायचे.

पडद्यावरचा डोंगर म्हणजे हजारो छोट्या त्रिकोणांची जाळी. त्या जाळीवर दगडाचं, गवताचं चित्र चिकटवलेलं असतं. नायिकेभोवती न दिसणारी, औषधाच्या कॅप्सूलसारखी एक आकृती असते. पाय दगडावर टेकला की नाही, हे इंजिन त्या कॅप्सूलवरून ठरवतं. गडाच्या पायऱ्यांखालीही बऱ्याचदा एक अदृश्य उतार लपवलेला असतो. नाहीतर प्रत्येक पायरीला नायिका अडखळेल.

हे सगळं घडतं फार थोड्या वेळात. गेम सुरळीत दिसायला सेकंदाला साठ चित्रं लागतात, म्हणजे एका चित्रासाठी जेमतेम 16.7 मिलिसेकंद. तेवढ्यात बटण दाबलं का ते पाहायचं, नायिकेला हलवायचं, टक्कर तपासायची आणि चित्र रंगवायचं.

नवशिक्यांची गाडी इथेच अडते. नायिकेचा वेग सेकंदाला 3 मीटर हवा, म्हणून ‘दर चित्राला 5 सेंटिमीटर’ असं लिहून ते मोकळे होतात. साठ चित्रांच्या यंत्रावर हिशेब जुळतो. पण तीसच चित्रं दाखवणाऱ्या साध्या फोनवर तीच नायिका निम्म्या वेगाने चालते आणि ओढ्यावरची उडी तिला पुरत नाही. म्हणून अंतर चित्रांवर नव्हे, तर मागच्या चित्रापासून गेलेल्या वेळेवर मोजतात.

डोळे एक सांगतात, कान दुसरं

त्रिमितीय गेम खेळताना काहींना मळमळतं, डोकं गरगरतं. याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं: डोळे मेंदूला सांगतात की आपण वळतोय, धावतोय; आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण खुर्चीत स्थिर आहोत. या विसंगतीने चक्कर येते. घाटात बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्याचं होतं तेच, फक्त उलट बाजूने. तिथे शरीर हलतं आणि डोळ्यांसमोरचं पान स्थिर असतं.

गेम करणारा यावर बरंच करू शकतो. कॅमेऱ्याचे झटके आणि हेलकावे बंद करण्याची सोय द्यावी, चित्रांचा वेग अडखळू देऊ नये, पडद्याच्या मध्यावर एक स्थिर ठिपका ठेवावा. धोक्याचा लाल दिवा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, कारण काही रुग्णांना अशा प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो. लाल-हिरवा फरक न दिसणारेही खेळणार असतात, म्हणून सूचना फक्त रंगावर अवलंबून नसाव्यात. खेळणाऱ्याने मात्र मळमळू लागताच थांबावं. ‘सवय होईल’ म्हणून रेटत राहिलं तर त्रास वाढतो.

पुण्याची ‘राजी’

आपल्याकडे असं काम झालंच नाही असं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने अनरिअल इंजिनवर केलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये बाजारात आला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट. रंगसंगतीवर पहाडी चित्रशैलीची छाप आहे आणि कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतो. कॅमेरा बहुतेक वेळ दुरून पाहतो आणि खेळाडूला तो फिरवावा लागत नाही. अशा रचनेत चक्कर येण्याचा संभव कमी असतो.

वाट सोपी नव्हती. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी काम चालू राहिलं आणि 2020 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठीच्या पुरस्काराला ‘राजी’चं नामांकन मिळालं. हातात इंजिन असलं, तरी गेम पुरा करायला वर्षं जातात, हे यातून घेण्यासारखं.

सुरुवात कुठून?

गोडो पूर्णपणे मोफत आहे, त्याचा मूळ कोडही खुला आहे. त्रिमितीय आकृत्या घडवण्यासाठी ब्लेंडरही मोफत मिळतं. पहिल्याच दिवशी अख्खा गड उभारायला जाऊ नये. एक उतार, एक ओढा, एक उडी आणि पलीकडे ठेवलेला एक दिवा, एवढ्याचाच गेम करावा आणि तो पुरा करावा. मग तो घरातल्या अशा माणसाच्या हाती द्यावा ज्याने आयुष्यात गेम खेळलेला नाही, आणि काही न सांगता बघत राहावं. ते माणूस जिथे अडेल तिथे दुरुस्ती करायची. त्याला गरगरलं, तर कॅमेरा आधी सुधारायचा. गडाचं पुढचं बांधकाम त्यानंतर.