रक्तदाबाची गोळी आणि कंपवात

समजा, गडमुडशिंगीतील सत्तरीचे एक आजोबा आहेत. रक्तदाबाची गोळी पंधरा वर्षांपासून चालू आहे. दोन वर्षांपूर्वी उजवा हात कापू लागला, चाल मंदावली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे निदान करून लिव्होडोपा सुरू केले. हालचाल सुधारली. पण आता पहाटे लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, वयाचा अशक्तपणा. मग एके दिवशी आजोबा मोरीपाशी पडतात आणि खुब्याचे हाड मोडते.

असे का व्हावे? आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब क्षणात सावरते. कंपवातात ही सावरण्याची यंत्रणाच अनेकदा दुबळी होते. लिव्होडोपा व प्रामिपेक्सोल दाब आणखी उतरवतात. त्यात रक्तदाबाची गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली की तोल जातो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, प्राझोसिन आणि प्रोस्टेटसाठी देतात ती टॅमसुलोसिन यांबाबत तर विशेष जपावे.

गंमत अशी की बसून मोजलेला दाब १५०/९० भरू शकतो आणि गोळी वाढविली जाते! म्हणून पाच मिनिटे आडवे झोपवून दाब मोजावा, मग उभे करून एक व तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

या दोन औषधांचे नाते जुने आहे. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. तिच्यातील रेसरपिन मेंदूतील डोपामाइन रिते करते, त्यामुळे काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसली. १९५७ साली स्वीडनच्या कार्लसन यांनी रेसरपिनने निपचित पडलेले ससे लिव्होडोपाने पुन्हा हालते केले. उपचाराची वाट तिथून निघाली. तेव्हा 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' असे म्हणून कंपवाताच्या रुग्णाला सर्पगंधेची गोळी देऊ नये. मिथाइलडोपाही कंपवात वाढवू शकते.

चक्कर येते म्हणून दुकानातून सिनारिझिन आणणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. या गोळीनेही कंपवात बळावतो.

कोणतीही गोळी मनाने थांबवू नका. लिव्होडोपा एकाएकी तोडल्यास अंग ताठरते, ताप चढतो, जिवावर बेतते. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. रक्तदाबाची मात्रा किती कमी करायची, कोणत्या वेळी द्यायची, ते ठरवतील. तोवर पहाटे उठताना आधी कुशीवर वळा, मग काठावर दोन मिनिटे बसा आणि भिंतीचा आधार घेऊनच उभे राहा. मोरीपर्यंतचा दिवा रात्रभर चालू ठेवावा.